मिठीच्या उगमाकडील पाडे

मुंबईच्या उपनगरांतून वाहणारी मिठी ही बहुतेकांस नदी म्हणून ठाऊक नाही. ठाऊक आहे ती एक मोठा नाला म्हणून. कुर्ल्याच्या पुलावरून जाताना वाटसरू नाकास रुमाल लावतात. साकीनाक्याच्या कारखान्यांमागून, विमानतळाच्या धावपट्टीखालून, कुर्ला व वाकोला यांच्या दाट वस्तीतून वाट काढीत ती शेवटी माहीमच्या खाडीत समुद्रास मिळते. तिची सारी लांबी सुमारे १८ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत तिच्या मुखापासून उगमापर्यंत चालत जाऊ शकेल. तरीही तिचा उगम पाहिलेले लोक या महानगरात फार थोडे सापडतील.

पवईकडून गोरेगावकडे जाणारा मोठा जोडरस्ता ओलांडून उत्तरेस गेले की देखावा पालटतो. इमारती मागे राहतात. साग, पळस, काटेसावर, मोह व जांभूळ यांची झाडी लागते. पावसाळ्यात डोंगरउतारावरून शेकडो ओहोळ खाली धाव घेतात, आणि विहार तलाव भरून वाहू लागला म्हणजे त्याच्या सांडव्याचे पाणी खडकांवरून फेसाळत येते. पवई तलावाचे सांडपाणी पुढे त्यास मिळते. तीच मिठी. येथे तिचे पाणी निर्मळ असते. तळातील गोटे मोजता येतात. आणि येथेच, तिच्या व तिला मिळणाऱ्या ओहोळांच्या आसपास, आरेच्या रानात व डोंगरउतारांवर विखुरलेले काही पाडे आहेत.

पाडा म्हणजे गाव नव्हे. गावास शीव असते, गावठाण असते, पूर्वी पाटील व चावडी असे, आता ग्रामपंचायत असते. गावाचे नाव सरकारी दप्तरात असते, नकाशात असते, टपालाच्या शिक्क्यावर असते. पाड्यास यांपैकी काहीच नसते. दहा, वीस, फार तर शंभर घरे एकमेकांच्या आसऱ्याने उभी राहिली की पाडा झाला. कागदोपत्री तो कोणत्या तरी गावाचा भाग समजला जातो. त्याचा स्वतःचा शिक्का नाही, कचेरी नाही, सरपंच नाही. मात्र त्यास नाव असते, आणि ते कोणा अधिकाऱ्याने ठेवलेले नसते. खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, जीवाचा पाडा, नवसाचा पाडा, गावदेवीचा पाडा, मरोशीचा पाडा, दामूपाडा अशी ही नावे आहेत. कोठे झाड, कोठे देवता, कोठे पूर्वी होऊन गेलेला एखादा माणूस. आरेच्या परिसरात असे सत्तावीस पाडे आहेत, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यांत मुख्यतः वारली, कोकणा व मल्हार कोळी या जमातींचे लोक राहतात.

अशा वस्तीचा इतिहास लिहावयाचा म्हटले तर तो कोठून काढावा? राजांचा इतिहास ताम्रपटांत असतो, शहरांचा इतिहास दप्तरांत असतो. पाड्याने स्वतःविषयी काही लिहून ठेवलेले नाही, व दुसऱ्यांनीही त्याच्याविषयी फारसे लिहिलेले नाही.

याच डोंगररांगेत, उत्तरेच्या अंगास, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदावयास आरंभ झाला, आणि सुमारे हजार वर्षे तेथे भिक्षूंची वस्ती होती. लेण्यालेण्याशी पावसाचे पाणी साठविण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांस शिलालेखांत 'पोढी' असा शब्द आहे. कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापारी व गृहस्थ यांनी दिलेल्या दानांची नोंद त्या लेखांत सापडते. आजच्या बोरिवलीजवळील मागाठाणे या गावाचे जुने नाव मंगलठाण. तेही तेथे कोरलेले आहे. गावाचे नाव दगडावर गेले ते असे. लेण्यांच्या पायथ्याच्या रानात तेव्हा कोण राहत होते, हे मात्र एकाही लेखात नाही. दान देण्याजोगे धन ज्यांच्यापाशी नव्हते त्यांची नावे दगडावर कोरली जाण्याचे कारणच नव्हते.

पुढील शतकांतही तेच झाले. हा सारा प्रदेश साष्टी बेटाचा. १५३४ साली तो पोर्तुगिजांच्या हाती गेला, १७३९ च्या सुमारास वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकून घेतला, आणि १७७४ साली इंग्रजांनी घेतला. किल्ले, तह, लढाया यांची वर्णने विपुल आहेत. डोंगरातील लोकांवर या उलथापालथींचा परिणाम झाला असेल तो सारावसुलीच्या रूपाने.

पाड्यांच्या जीवनाशी खरा संबंध येतो तो एका धरणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहर झपाट्याने वाढत होते, पण त्यास पाणी होते ते विहिरींचे व तळ्यांचे. पाऊस ओढून धरी तेव्हा लोकांचे हाल होत. १८५४ साली तर पाण्याचे असे दुर्भिक्ष झाले की बाहेरून पाणी आणून शहराची तहान भागवावी लागली. शहरात पुरेसे पाणी नाही आणि वीस-पंचवीस किलोमीटरांवरील डोंगरांत पावसाचे पाणी व्यर्थ वाहून जाते, हे पाहून इंजिनियर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणे विहारच्या खोऱ्यात नदी अडविण्याचे ठरले. १८५६ साली काम सुरू झाले व १८६० साली पुरे झाले. तीन मातीचे बांध घालून मिठीचे पाणी कोंडण्यात आले, आणि लोखंडी नळांतून ते शहरात गेले. मुंबईस नळाचे पाणी मिळाले ते या नदीचे. पुढे पाणी अपुरे पडू लागले तेव्हा शेजारच्या खोऱ्यातील तासो नदी अडवून तिचे पाणी प्रथम विहारकडे वळविले, आणि १८७९ साली तेथे तुळशी हा स्वतंत्र तलाव तयार झाला. १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव झाला. पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही.

या गोष्टीस दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा अशा दूरच्या नद्यांवरून येते. तरी विहार व तुळशी हे दोन्ही तलाव अद्याप शहरास पाणी देतात. विहारमध्ये सुमारे २,७७० कोटी लिटर व तुळशीमध्ये सुमारे ८०० कोटी लिटर पाणी मावते. महानगराच्या हद्दीत असलेले पिण्याच्या पाण्याचे तलाव हे दोनच.

परंतु ज्या दिवशी नदी बांधली गेली त्या दिवसापासून खालची नदी ही उरलेल्या पाण्याची नदी झाली. तलाव भरला तर सांडव्यावरून पाणी येणार. न भरला तर येणार नाही. वर्षभर झुळझुळणारे पात्र उन्हाळ्यात डबक्यांवर येऊन ठेपले. तलावाभोवतीचा प्रदेश पिण्याच्या पाण्यासाठी राखला गेला आणि तेथे जाण्यायेण्यावर बंधने आली. शहराच्या दृष्टीने हे योग्यच होते. पाड्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की आपल्या दाराशी वाहणारे पाणी प्रथमच दुसऱ्या कोणाचे झाले.

या पाड्यांतील जीवन कसे होते, व पुष्कळ अंशी अद्याप कसे आहे, हे पाहणे उद्बोधक होईल. जुनी घरे कुडाची असत. कारवीच्या किंवा बांबूच्या काड्या उभ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचा लेप द्यावयाचा, की भिंत तयार झाली. कारवी ही या डोंगरांतील एक विलक्षण वनस्पती आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. त्या वर्षी सारा उतार जांभळा दिसतो. फुले गळून बी पडले की झाड वाळते. वर पूर्वी पेंढा व पुढे कौले आली. आता सिमेंटच्या भिंती व पत्रे अधिक दिसतात. तरीही अंगण शेणाने सारवलेले, आणि अंगणाच्या कडेस वेलांचा मांडव असावयाचाच.

खोलगट जागी भात, उतारावर नागली व वरी, आणि परसात काकडी, शिराळी, कारली, भोपळे, अळू असा या शेतीचा क्रम. बैल थोडे, नांगर लहान, आणि पाऊस हाच पाटबंधारा. पीक घरापुरते होई. हातात पैसा येई तो भाजी, ताडगोळे, करवंदे, जांभळे, सरपण शहरात नेऊन विकल्याने. गोरेगाव, जोगेश्वरी, मरोळ येथील बाजारांत पहाटे पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका कोठून येतात, हे त्यांच्याकडून भाजी घेणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल!

पावसाळ्याच्या आरंभी रान स्वतःच भाज्या देते. शेवळा, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी या भाज्या पेराव्या लागत नाहीत. ओळखाव्या मात्र लागतात. शेवळे पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून कोंबासारखे वर येते. ते तसेच शिजविले तर घशास खाज सुटते. त्यात काकड नावाची आंबट रानफळे घातली की खाज जाते व भाजी रुचकर होते. नेमक्या त्याच दिवसांत काकडाच्या झाडास फळे असतात. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. आजीच्या मागून रानात हिंडणाऱ्या नातवंडास ते मिळते. कोणत्या झाडाची साल औषधी, कोणता कंद विषारी, कोणत्या ओहोळास कधी लोंढा येतो, हेही त्यास असेच कळते. पहिल्या पुराच्या वेळी मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा उथळ पाण्यात बांबूचे सापळे लावून ते धरतात. रात्री दगडांखालचे खेकडे पकडण्यास मुले व मोठी माणसे मिळूनच जातात.

येथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल तो बिबळ्याचा. या डोंगरांत बिबळे आहेत, आणि ते पाड्यांतूनही फिरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व त्यालगतचा आरेचा भाग येथे २०१८ साली अभ्यासकांनी रानात छायाचित्रयंत्रे बसवून मोजदाद केली, तेव्हा ४७ बिबळे आढळले. पाड्यातील लोकांस त्यासाठी यंत्राची गरज नव्हती. बिबळ्या कोणत्या वाटेने येतो, कोणत्या वेळी येतो, हे त्यांस ठाऊक असते. दिवेलागणीनंतर मुले एकटी बाहेर सोडावयाची नाहीत, अंधारातून जाताना चारचौघांनी मोठ्याने बोलत जावयाचे, उष्टेखरकटे घराजवळ टाकावयाचे नाही. कारण त्यावर कुत्री येतात व कुत्र्यांमागे बिबळ्या येतो. हे नियम कोठे लिहिलेले नाहीत, पण प्रत्येक घरात पाळले जातात. असे असूनही अपघात होतात, आणि त्यांचे दुःख पाड्यासच सोसावे लागते. तरीही वाघाविषयी येथे द्वेषाची भाषा क्वचितच ऐकू येते. वाघोबा हा त्यांचा देव आहे. त्याचे स्थान बहुधा एखाद्या झाडाखाली असते. तेथे लाकडावर अथवा दगडावर वाघाची आकृती, वर सूर्य व चंद्र, आणि त्यांवर शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीस, वाघबारस येते. इतर लोक त्या दिवशी वसुबारस म्हणून गायीवासराची पूजा करतात. पाड्यांत वाघोबाची पूजा होते. एकाच तिथीस एके ठिकाणी गाय पुजावी व दुसऱ्या ठिकाणी वाघ, हे मोठे मौजेचे वाटते. पण दोघांनीही एकाच रानात राहावयाचे आहे, हे ज्यांस रोज दिसते त्यांस त्यात काही विसंगत वाटत नाही.

वारल्यांची चित्रकला आता जगप्रसिद्ध झाली आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा म्हसे यांस २०११ साली 'पद्मश्री' मिळाली, आणि गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती त्रिकोणी अंगांची माणसे देशोदेशी पोचली. डहाणू, तलासरी, जव्हार हा या जमातीचा मुख्य प्रदेश. मुंबईतील पाडे हे तिचे दक्षिणेकडील टोक. मुळात हे चित्र शोभेसाठी नसते. लग्नघरी भिंतीवर सुवासिनी चौक काढतात, त्यात देवी असते, आणि चौक पुरा झाल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे विधीची गाणी जिला मुखोद्गत आहेत अशी स्त्री. जेथे लिहिलेले काही नाही तेथे अशी एक स्त्री म्हणजे एक ग्रंथच होय. रात्री तारपा वाजतो. वाळलेला दुधी व बांबू यांपासून केलेले हे वाद्य. त्याच्या सुरावर हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची नागमोडी रांग फिरते.

स्वातंत्र्यानंतर या भागावर दुसरे मोठे स्थित्यंतर आले. मुंबईत ठिकठिकाणी दाट वस्तीत म्हशींचे गोठे होते. घाण होई व दुधात भेसळही होई. ही जनावरे शहराबाहेर नेऊन लोकांस स्वच्छ दूध पुरवावे, या हेतूने १९४९ साली आरे, मरोळ-मरोशी या भागातील सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर आरे दूध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांनी ती उभारली, आणि १९५१ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बत्तीस ठिकाणी गोठे बांधले गेले. त्यांस आजही लोक 'युनिट' म्हणतात. सुमारे सोळा हजार जनावरांची तेथे सोय होती. जनावरांसाठी गवताची कुरणे झाली, त्यांस पवई तलावाचे पाणी मिळाले. मुंबईच्या मुलांस काचेच्या बाटलीतून दूध मिळू लागले ते येथून.

योजना उत्तम होती, आणि पाड्यातील कित्येकांस तीत मजुरी मिळाली. पण जमीन आता दुग्धविभागाची झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे लोक कागदावर त्या जमिनीवरचे केवळ रहिवासी ठरले. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढली. त्यामुळे पाडे शहरात आले. शहरात ग्रामपंचायत नसते, म्हणून तो मार्ग बंद झाला. नगरपालिकेच्या सोयी याव्यात, तर जमीन दुसऱ्या खात्याची, त्याची परवानगी हवी. १९७७ साली शेजारी चित्रनगरी उभी राहिली. काही पाडे तिच्या आवारात गेले. चित्रपटात दिसणारी खेडी तेथे चार दिवसांत उभी राहात व मोडली जात. खऱ्या पाड्यातील माणसास घराचे छप्पर बदलावयाचे झाले तरी कोणत्या कचेरीत जावे हे उमगत नसे. ज्यांच्या डोळ्यांदेखत मुंबईचे पाणी साठविले जाते त्यांपैकी कित्येकांच्या दाराशी नळ फार उशिरा आला. काही पाड्यांत तर वीज पोचली ती एकविसावे शतक उजाडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. मुलांनी दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. आणि समोरच्या टेकडीपलीकडे शहराच्या दिव्यांनी आकाश तांबूस झालेले त्यांस रोज दिसत होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीस महापूर आला, कुर्ला, कलिना, साकीनाका या भागांत घरे बुडाली, शेकडो लोक प्राणास मुकले. शहरास आपल्या नदीची आठवण झाली ती त्या दिवशी. तिचे पात्र भराव घालून व बांधकामे करून अरुंद केलेले होते. पाण्यास पसरावयास जागा नव्हती. नदी स्वच्छ व मोकळी करण्यासाठी त्यानंतर स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले. वरच्या भागात, जेथे झाडी व गवताळ पूरभूमी शिल्लक होती, तेथे पाणी पसरले, मुरले व ओसरले. हा फरक त्यानंतर अनेक अभ्यासकांनी दाखवून दिला आहे.

त्यामुळेच भुयारी मेट्रो रेल्वेच्या गाड्या ठेवण्यासाठी आरेतील मिठीकाठची जागा निवडली गेली, तेव्हा मोठा वाद झाला. कुलाब्यापासून आरेपर्यंतच्या ३३.५ किलोमीटरांच्या या रेल्वेची शहरास गरज नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. वाद होता तो जागेविषयी. प्रजापूर पाड्यातील काही कुटुंबांस घरे सोडून इमारतींतील खोल्यांत जावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीच्या वेळी वृक्षतोड सुरू झाली; विद्यार्थी, नागरिक व पाड्यांतील स्त्रीपुरुष तेथे धावले. दोन हजारांहून अधिक झाडे पडल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. पुढे ते आगार तेथेच बांधले गेले, आणि २०२४ साली रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. मधल्या काळात, २०२० साली, आरेतील सुमारे आठशे एकर जमीन वन म्हणून राखण्याचा निर्णय शासनाने घेतला.

या साऱ्या घडामोडींत पाड्यातील माणसास एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला: तुम्ही येथे पूर्वीपासून राहता, याचा पुरावा काय? ज्याच्यापाशी सातबारा नाही, घरपट्टीची जुनी पावती नाही, ज्याच्या आजोबांच्या जन्माची नोंद कोठे नाही, त्याने काय उत्तर द्यावे? पूर्वी या प्रश्नापुढे तो निरुत्तर होई.

२००६ साली भारताच्या संसदेने वनहक्क कायदा संमत केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व तिच्यावर उपजीविका करणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य करावेत, हा त्याचा हेतू. हा कायदा इंग्रजीत आहे. तरीही ज्या ठिकाणी पंचायत नाही तेथील लोकसंस्था सांगताना त्यात 'पाडा' हा शब्द जसाच्या तसा योजलेला आहे. ज्या शब्दास महसुली दप्तरात स्वतंत्र स्थान नव्हते, तो देशाच्या कायद्यात आला. हा कायदा वनजमिनीपुरता आहे, आणि आरेची पुष्कळशी जमीन दुग्धविभागाकडे होती. यामुळे त्याचा लाभ कोणास व कोणत्या जागेपुरता, यावरून गुंता आहेच. पण पुरावा कशास म्हणावे याविषयीचे त्याचे नियम सर्वांनी वाचावेत असे आहेत. सरकारी कागद हा पुरावा आहेच. त्याबरोबर घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेला बांध हाही पुरावा. जुनी विहीर हा पुरावा, दफनभूमी हा पुरावा, देवस्थान हा पुरावा.

म्हणजे शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड, ओहोळाकाठची वाडवडिलांनी खणलेली विहीर, भाताच्या खाचराचा दगडी बांध, यांस दप्तरातील कागदाच्या शेजारी जागा मिळाली. एवढी वर्षे ज्या गोष्टी पाड्याने केवळ आपल्या गरजेसाठी व श्रद्धेने जपल्या, त्याच त्याचे दप्तर ठरल्या. शाळेत जाणारी मुले आता आपल्या आजीआजोबांस विचारून त्यांची माहिती वहीत उतरून घेऊ शकतात. कोणती विहीर कोणी खणली, कोणते झाड कोणाच्या लग्नाच्या वर्षी लावले. विहीर बुजली, झाड पडले किंवा सांगणारे माणूस गेले, तर ती नोंद कायमची नाहीशी होते.

नियमांत पुराव्याचा आणखी एक प्रकार दिलेला आहे: वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत. तिला मात्र एक अट आहे. ज्याचा हक्क ठरावयाचा त्याने स्वतः ती सांगावयाची नाही. दुसऱ्या कोणा वृद्धाने सांगावयाची. चाफ्याच्या पाड्यावरील म्हाताऱ्याचे बोलणे त्याच्या स्वतःच्या घरासाठी उपयोगी पडत नाही, ते शेजाऱ्याच्या घरासाठी उपयोगी पडते. आणि त्याच्या घरासाठी शेजारच्या म्हातारीस बोलावे लागते.

अभ्यास

१. गाव व पाडा यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
२. विहारचे धरण बांधल्यामुळे मुंबई शहरास काय मिळाले व खालच्या नदीत कोणता बदल झाला?
३. 'अशी एक स्त्री म्हणजे एक ग्रंथच होय,' असे धवलेरीविषयी का म्हटले आहे?
४. पाडे शहराच्या हद्दीत आल्यावर त्यांच्या अडचणी कमी न होता का वाढल्या?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : दुर्भिक्ष, सांडवा, मुखोद्गत, निरुत्तर, पूरभूमी.
६. तुमच्या वस्तीतील एखादी जुनी विहीर, झाड किंवा देवस्थान यांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.